समुद्राकडे पाठ करून

तारकर्लीला आलेला पाहुणा सहसा दोन दिवसांत परततो. सिंधुदुर्ग किल्ला, स्नॉर्केलिंग, देवबागच्या संगमावर बोटीची फेरी, वर सुरमईचं ताट, की झालं मालवण! यात वावगं काही नाही. पण पाहण्यासारखं पुष्कळ काही किनाऱ्याच्या मागे, सड्यांवर म्हणजे कातळाच्या पठारांवर आणि खाड्यांच्या काठी आहे. तिथे रांगा नाहीत.

कुडाळच्या रस्त्याला चौके मागे पडलं की धामापूरचा तलाव येतो. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० साली बांधला. टेकड्यांच्या मधे मातीचा बांध घालून अडवलेलं हे पाणी आजही शेतीला मिळतं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ आहे. लग्नकार्यासाठी परडीत फुलांचे दागिने ठेवून पाण्यात सोडले की ते सोन्याचे होऊन वर येत, काम झाल्यावर परत करायचे, अशी कथा गावात सांगतात. एकाने परत केले नाहीत आणि देणं थांबलं म्हणे! आपल्या स्वभावाची इतकी नेमकी नोंद इतिहासाच्या पुस्तकात सापडायची नाही.

तसंच पुढे नेरूरपारचा पूल ओलांडून, कुडाळ करून पिंगुळीला जावं. ठाकर समाजाची चित्रकथी इथे टिकून आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेल्या चित्रांच्या पोथ्या, एकेक चित्र दाखवत गाऊन सांगितलेली कथा, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. जोडीला कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता. इथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. गुरांच्या गोठ्यात त्यांच्या घरच्यांनी उभं केलेलं संग्रहालय मोठ्या शहरांतल्या काचबंद दालनांपेक्षा मला सरस वाटतं, कारण तिथे वस्तू दाखवणाराच ती वाजवतो आणि नाचवतोही.

मालवणच्या उत्तरेला कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. जांभ्यात कोरलेली माणसं, प्राणी आणि अर्थ न लागणाऱ्या आकृत्या. काळाबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. २०२२ मध्ये कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत सिंधुदुर्गातलं हे एकच ठिकाण. पावसाळ्यानंतर गवत माजलेलं असतं, म्हणून ते सुकल्यावर जा आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात पाहा. माथ्यावरच्या उन्हात रेषा दिसतच नाहीत. गावातला वाटाड्या घ्या, कोरीव रेषांवर पाय देऊ नका.

जवळच आचरा. तिथल्या रामेश्वराने कौल दिला की दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन तीन दिवस, तीन रात्री राहतो. ही गावपळण. त्या दिवसांत गावात शिरू नये, एवढं पाहुण्याने पाळावं. मसुऱ्याचा भरतगड आणि खाडीपलीकडचा भगवंतगड हे समोरासमोरचे किल्ले जाता-येता पाहून होतात. भरतगड आता खासगी मालकीचा, आत आंब्याची बाग.

ही सगळी ठिकाणं दिवसाची. रात्रीसाठी दशावतार आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर नाटक रात्रभर चालतं. संवादांची संहिता लिहिलेली नसते, नट ते उभ्याउभ्या रचतात, स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. तारखा हॉटेलात विचारू नका, गावच्या देवळात किंवा चहाच्या टपरीवर विचारा. आणि सकाळची परतीची गाडी काढू नका.