विजेपासून अमोनिया: सगळा हिशेब बाथचा

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात जस्ताचे प्लेटिंग करणारा कोणीही माणूस बाथला नुसते करंट वाहून नेणारे पाणी म्हणणार नाही. ॲसिड क्लोराइडच्या बाथमध्ये 95 टक्क्यांच्या आसपास करंट जस्त बसवण्यात जातो. सायनाइड नसलेल्या अल्कलाइन बाथमध्ये हा वाटा बराच कमी असतो आणि उरलेला करंट पाण्यातून हायड्रोजन काढतो. तो हायड्रोजन पोलादात शिरतो, म्हणून 12.9 ग्रेडचा बोल्ट प्लेटिंगनंतर 200 अंशांच्या आसपास कित्येक तास बेक करावा लागतो, नाहीतर कसल्यावर काही वेळाने तो तडकू शकतो. विजेपासून थेट अमोनिया बनवण्याची चर्चा निघाली की हे भान हरवते. सगळे लक्ष इलेक्ट्रोडवर लावायच्या उत्प्रेरकाकडे जाते आणि इलेक्ट्रोलाइट म्हणजे कोणतेही खारे पाणी चालेल, असे गृहीत धरले जाते. हाच मूळ गैरसमज आहे.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. ज्याला आज हरित अमोनिया म्हणतात, त्यात वीज अमोनिया बनवत नाही. वीज पाण्यातून हायड्रोजन काढते, बहुधा 25 ते 30 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात. पुढे तो हायड्रोजन नायट्रोजनसोबत 400 ते 500 अंशांना, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली, 1913 पासून चालत आलेल्या हाबर-बॉश पद्धतीनेच जोडला जातो. थळ आणि तळोज्याचे अमोनिया प्रकल्पही याच पद्धतीचे, फक्त तिथला हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो. नायट्रोजनला इलेक्ट्रोडवरच, साध्या तापमानाला अमोनियात बदलणे हा वेगळा मार्ग आहे आणि बाथचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे उभा राहतो.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, मग तो पाण्यात सोडून करंट दिला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. याचे उत्तर हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मिळते. गॅस नायट्रायडिंगमध्ये नायट्रोजनचा सिलिंडर भट्टी धुऊन काढायला वापरतात, पण पोलादात नायट्रोजन शिरवायला अमोनियाच लागतो. कारण 500-550 अंशांनाही नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध फुटत नाही. तो तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल लागतात. भट्टीतला किती अमोनिया फुटला हे मोजायला बाहेर पडणारा वायू खुणांच्या काचनळीत घेऊन वरून पाणी सोडतात. न फुटलेला अमोनिया पाणी क्षणात पिऊन टाकते, आणि जितके पाणी नळीत भरले तितका तो होता, असे वाचायचे. एक लिटर पाणी शेकडो लिटर अमोनिया सामावून घेते. नायट्रोजन मात्र त्यात जेमतेम 18 मिलिग्रॅम विरघळतो, तोही शुद्ध वायू वातावरणाच्या दाबाने दिला तर. पाण्याच्या बाथमध्ये इलेक्ट्रोडभोवती पाण्याच्या रेणूंची गर्दी आणि नायट्रोजनचा दुष्काळ असतो. करंट हायड्रोजनकडे वळतो, प्लेटिंगच्या टाकीत वळतो तसाच.

पाण्यातही अमोनिया मिळाल्याचे शेकडो शोधनिबंध आहेत, त्यांचे काय? हा आक्षेप रास्त आहे. पण काचनळीत दिसणारा पाण्याचा तोच गुण इथे दगा देतो. हवेतला, श्वासातला, हातमोज्यांतला अमोनिया द्रावण शोषून घेते आणि मोजणीत तो 'उत्पादन' म्हणून येतो. 2019 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात नायट्रोजन-15 हा समस्थानिक वापरून कडक तपासणी झाली. सर्वांत आशादायक शुद्ध धातूंनी पाण्यात अमोनिया बनवलाच नाही. खरा ठरला तो टेट्राहायड्रोफ्युरान या सेंद्रिय द्रावकातला लिथियमचा मार्ग.

उत्प्रेरकच महत्त्वाचा, बाथ नंतर जुळवता येतो, या म्हणण्याला सर्वांत पक्के उत्तर हाच मार्ग देतो. इथे इलेक्ट्रोड तांबे किंवा स्टेनलेस स्टीलचा चालतो. काम करणारा लिथियम बाथमधल्या क्षारातूनच इलेक्ट्रोडवर बसतो, साध्या तापमानाला नायट्रोजन पकडून नायट्राइड होतो, आणि प्रोटॉन मिळाले की अमोनिया देतो. प्रोटॉन अगदी कमी पडले तर क्रिया अडते आणि जास्त झाले तर पुन्हा हायड्रोजन, म्हणून 1990 च्या दशकातल्या जपानी प्रयोगांत थोडे इथेनॉल घालत. 2021 मध्ये मोनॅश विद्यापीठाच्या गटाने त्याऐवजी फॉस्फोनियम क्षार वापरला आणि 69 टक्के करंट अमोनियात गेला. पुढच्याच वर्षी तिथेच लिथियमचा क्षार बदलून हा आकडा शंभराच्या जवळ नेला. फ्लोरिनयुक्त क्षारांच्या विघटनातून लिथियमवर पातळ थर बसतो आणि कोण किती आत जाईल हे तो ठरवतो. 2024 मध्ये डेन्मार्कच्या गटाने टेट्राहायड्रोफ्युरानच्या जागी साखळी-रचनेचा ईथर घेतला. पहिला द्रावक चालता चालता बहुलक होऊन चिकटतो. नव्या द्रावकात सेल 300 तास चालला आणि बहुतेक अमोनिया वायूरूपातच बाहेर आला.

शंभर टक्के करंट म्हणजे स्वस्त अमोनिया, असे मात्र नाही. लिथियम धातू बसवायला प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे 3.04 व्होल्ट लागतात. नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर तत्त्वतः शून्याच्या आसपास व्हायला हवे. करंट वाया जात नाही, पण व्होल्टेज जाते, आणि विजेचे बिल दोन्हींच्या गुणाकाराचे असते.

पाण्याच्या बाथला एक जागा उरते, ती नायट्रेटची. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते, तिहेरी बंधाची अडचण नाही आणि आठ इलेक्ट्रॉन दिले की अमोनिया मिळतो. नायट्रिक आम्ल मुळात अमोनियापासूनच बनते, त्यामुळे विकत आणलेल्या नायट्रेटवर हा उद्योग व्यर्थ आहे. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगच्या नायट्रेटयुक्त सांडपाण्यावर तो अर्थपूर्ण ठरतो. फक्त तिथे इलेक्ट्रोलाइट निवडता येत नाही. क्लोराइड किती, लोह-निकेलचे क्षार किती, आम्लता किती, हे आदल्या पाळीत टाकीत काय बुडवले त्यावर ठरते, आणि इलेक्ट्रोडला त्यातच टिकावे लागते.