मुंबई महानगर प्रदेश: हद्द कुठे, पाणी कुठलं

प्रदेश किती मोठा?

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल. या नऊ महापालिका, काही नगरपरिषदा आणि शेकडो गावं मिळून हा प्रदेश होतो. बरीच वर्षं त्याचं क्षेत्रफळ ४,३५५ चौरस किलोमीटर होतं. २०१९ मध्ये पालघर तालुका आणि वसई, अलिबाग, पेण, पनवेल, खालापूरचे उरलेले भाग जोडल्यावर ते सहा हजारांच्या पुढे गेलं. चाकरमानी जिथून गाडी पकडतो, तिथवर ही हद्द साधारणपणे सरकत आली आहे.

योजना कोण करतं?

धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनं शहराचा विचार आसपासच्या मुलखासकट करायला सांगितलं. त्यानंतर १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आला आणि १९७३ मध्ये पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली. खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी आधीच मांडली होती. त्या शहरासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली.

१९७५ मध्ये आलेलं एमएमआरडीए हे प्राधिकरण प्रदेशाची योजना आखतं, मेट्रो आणि उड्डाणपूल बांधतं. घरचा नळ कोरडा पडला तर मात्र नगरसेवकाकडे किंवा सरपंचाकडेच जावं लागतं. प्राधिकरणाच्या कारभाऱ्यांना रहिवासी थेट निवडून देत नाहीत. माझ्या मते या व्यवस्थेचं खरं दुखणं हेच आहे.

पाण्याचा हिशेब

मुंबईला सर्वांत जास्त पाणी भातसा धरण देतं. ते शहापूर तालुक्यात आहे, तानसाही तिथलंच. शहापूर मात्र या प्रदेशाच्या हद्दीत नाही. उशाला धरण असूनही तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हद्द नदीच्या खोऱ्यावरून आखली असती, तर शहापूर आधी आत आलं असतं.

प्राधिकरणाची सूर्या योजनाही त्याच वाटेनं जाते. पालघर जिल्ह्यातल्या धामणी धरणाच्या आधारावर ती दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी आखली आहे: वसई-विरारला १८५, मीरा-भाईंदरला २१८. धरण बांधलं तेव्हा शेतीच्या सिंचनाचा शब्द दिला होता, असं तिथले आदिवासी शेतकरी सांगतात. वसईकरांची तहानही खोटी नाही. पण हे वाटप एका टेबलावर बसून ठरवण्याची जागा प्रादेशिक योजनेत सापडत नाही.

नकाशावरचा हिरवा रंग

योजना प्रत्येक जमिनीला रंग देते. हरित विभागातल्या सातबाऱ्यावर मोठं बांधकाम सहजी उभं राहत नाही. त्यामुळे २०१६ ते २०३६ या काळाच्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा केळी-पानवेलींच्या वाड्या जपणाऱ्या वसईतून हरकतींचा पाऊस पडला. सुनावण्या झाल्या आणि २०२१ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली. मसुद्यावर हरकत घ्यायला कायदा किमान चार महिने देतो. मसुद्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते, म्हणून ग्रामपंचायतीनं गटनंबर लावून नकाशा तपासायचा तो याच काळात.