केबल तोडायची, पण कोणाच्या मताने?

मुलांची परीक्षा आली म्हणून नंदुरबारच्या आमच्या घरातली केबल तोडायचे आम्ही ठरवून टाकले. आई म्हणाली, "तुम्ही सारे दिवसभर बाहेर. मी कुणाशी बोलू?" आम्ही वकील, पण निरुत्तर झालो.

२०१९ पासून हव्या त्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. डीडी फ्री डिशला मासिक भाडेही नाही. पण घरातला ग्राहक कोण? फक्त कर्ता पुरुष?

राजकारणात एक व्यक्ती, एक मत आणि एक मत, एक मूल्य. समाजजीवनात मात्र विषमता! हा अंतर्विरोध बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवला. तो आमच्याच घरात निघाला.

शेवटी सर्वांची मते घेतली. केबल राहिली, संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद. बांधवांनो, तार तोडण्याआधी आईला विचारा!