इंजिनाभोवतीची भिंत

बंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावर एचएएलचं विमान संग्रहालय आहे. शाळेच्या सहली बाहेर उभ्या असलेल्या विमानांपाशी फोटो काढण्यात रमतात. अभियांत्रिकीची मुलं मात्र आत मांडलेल्या इंजिनांपाशी रेंगाळतात. जेट इंजिनाचं तत्त्व मुळात साधं आहे. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात रॉकेलच्या जातीचं इंधन पेटवायचं आणि तापलेला झोत मागून सोडायचा. जाताजाता तो झोत टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन पुढचा कॉम्प्रेसर फिरवतं. वरखाली होणारे पिस्टन नाहीत, क्रँकशाफ्ट नाही. त्यामुळे हाताला मेकॅनिकची सवय असलेल्या माणसाला वाटतं, हे तर घरीही चालवता येईल.

येतंही, आणि काही जण ते करतात. ब्रिटनच्या हवाई दलाने १९९३ मध्ये जेट प्रोव्होस्ट ही प्रशिक्षण विमानं निवृत्त केली. अशा विमानांची व्हायपर इंजिनं हौशी मंडळींनी विकत घेतली, ट्रेलरवर बसवली आणि ती सुरू करून दाखवली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रॉन पॅट्रिक यांनी फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बाजूला नौदलाच्या हेलिकॉप्टरसाठी बनलेलं टी-५८ टर्बाइन बसवलं. ते स्टॅनफर्डला शिकलेले यंत्र अभियंते आहेत, हे इथे महत्त्वाचं. इंग्लंडच्या कॉलिन फर्झ यांनी तर सायकलला पल्सजेट जोडलं.

यातलं व्हायपर बंगळुरूला परकं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट, म्हणजे पुढची एचएएल, उभी केली. तिथेच मूळचे कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ विमान घडलं आणि १९५१ मध्ये उडालं. पुढे ४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान आकाशात गेलं, ते याच व्हायपर इंजिनावर. हवाई दलातल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी जेटचे पहिले धडे त्यावर गिरवले.

तेव्हा असं इंजिन घरी चालवण्यातला धोका समजून घ्यायला ‘किरण’चं व्हायपरच घेऊ. त्याचा जोर सुमारे ११०० किलोचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. हलक्या ट्रेलरवर चार बोल्टांनी बसवलेलं असं इंजिन ट्रेलरसकट पुढे निघू शकतं. पूर्ण वेगात ते सेकंदाला सुमारे २० किलो हवा गिळतं. दहा बाय दहाची खोली दोन सेकंदांच्या आत रिकामी व्हावी, इतकी ही ओढ आहे. समोर सैल टोपी, चिंधी, पाना, खडा काहीही असलं तरी ते आत जातं, आणि माणूसही त्याला अपवाद नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एअर इंडियाच्या एअरबसच्या इंजिनात ओढला जाऊन एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. तो रोज विमानांजवळ वावरणारा, प्रशिक्षित माणूस होता.

मागची बाजूही तितकीच घातक. नळीतून बाहेर पडणारा वायू ६०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, आणि झोत थंड झाल्यावरही त्याचा धक्का उरतोच. कॅरिबियन बेटांपैकी सिंट मार्टेनच्या विमानतळाच्या कुंपणाला धरून उभी असलेली एक पर्यटक महिला जुलै २०१७ मध्ये उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या झोताने फेकली जाऊन मरण पावली.

हौशी माणूस साधारणपणे हे दोन धोके ओळखतो आणि इंजिनाच्या पुढेमागे न थांबता बाजूला उभा राहतो. तिसरा धोका नेमका तिथेच असतो. व्हायपरचा रोटर मिनिटाला १३,८०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २३०. पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोचतो. जुन्या धातूत केसासारखी चीर असेल आणि चकती फुटली, तर तुकडे सुटतात ते फिरण्याच्या पातळीत, म्हणजे बाजूला. २ जून २००६ रोजी लॉस एंजेलिस विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ चं इंजिन देखभालीनंतर जमिनीवरच पूर्ण जोराने चालवून पाहिलं जात होतं. टर्बाइनची चकती फुटली, तुकडे विमानाचं पोट चिरून पलीकडच्या इंजिनापर्यंत गेले आणि आग लागली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. ते इंजिन एका मोठ्या कंपनीच्या नियमित देखभालीतलं होतं. भंगारातून आलेल्या इंजिनाची चकती किती तास चालली, कधी तापली, कधी तपासली गेली, हे सांगणारी लॉगबुकं बहुतेक वेळा सोबत येतच नाहीत.

चौथा धोका सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटातला. स्टार्टर रोटरला गती देतो, इग्नायटर ठिणगी टाकतो, मग इंधन येतं. आता डोळे दोन काट्यांवर हवेत: फेऱ्यांच्या आणि मागच्या नळीच्या तापमानाच्या. दोन्ही बरोबरीने चढले तर ठीक. तापमान धावतंय आणि फेऱ्या अडकल्यात, असं दिसलं की इंधन तत्काळ तोडावं लागतं, नाहीतर टर्बाइनची पाती जळतात. आणि इंधन आलं पण पेटलंच नाही, तर ते तळाशी साचतं. पुन्हा बटण दाबण्याआधी ते पूर्ण निचरून, नुसती हवा फिरवून इंजिन कोरडं करावं लागतं. घाईत ते राहिलं तर पुढच्या ठिणगीला सगळं एकदम पेट घेतं.

जेट इंजिनाच्या जनकांपैकी एक असलेल्या फ्रँक व्हिटल यांनाही हा अनुभव चुकला नाही. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बीच्या कारखान्यात त्यांनी आपलं पहिलं जेट इंजिन सुरू केलं. इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही ते किंचाळत वेग घेतच राहिलं, आणि आसपासची माणसं पळाली. गळलेलं इंधन आत साचलं होतं आणि तेच जळत होतं. पुढे हे काम कारखान्यातून हलवून लटरवर्थच्या एका जुन्या फाउंड्रीत न्यावं लागलं.

तेव्हापासून जगभरच्या इंजिनवाल्यांनी जे शहाणपण साठवलं, ते इंजिनाइतकंच त्याभोवतीच्या खोलीत आहे. १९६१ पासून बंगळुरूत असलेल्या जीटीआरई या संशोधन संस्थेत ‘कावेरी’ हे जेट इंजिन घडलं. एचएएलच्या इंजिन विभागात डिसेंबर २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत एचटीएफई-२५ या जेट इंजिनाचा गाभा पहिल्यांदा फिरला. अशा कामाला टेस्ट बेड लागतो. जाड काँक्रीटच्या भिंती, जमिनीत रोवलेली चौकट, तोंडाशी जाळी, झोत आणि आवाज जिरवणारा बोगदा, आपोआप आग विझवणारी यंत्रणा आणि दूरवरून इंधन तोडणारा व्हॉल्व्ह. इंजिन चालू असताना आत कोणीही नसतं. माणसं शेजारच्या नियंत्रण कक्षात काट्यांवर नजर ठेवून असतात. घराच्या अंगणात इंजिन आणता येतं. ही खोली आणता येत नाही, आणि धोका त्या उणिवेत आहे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. चालत्या जेट इंजिनाजवळ आवाज १२० च्या वर जातो आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनेच उतरतो. तीस मीटरवर १२० असेल, तर किलोमीटरभर दूरही ९० च्या आसपास राहील. घराला घर खेटून असलेल्या वस्तीत तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या कानांवर तो आदळणार.

याचा अर्थ हौस मारून टाकावी असा मुळीच नाही. मुंबईच्या कांदिवलीत अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर आख्खं विमान जोडलं, फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. त्याचं इंजिन प्रोपेलर फिरवणारं पिस्टन इंजिन होतं. पण घ्यायचा धडा कामाच्या वाटणीचा आहे: जोडणी गच्चीवर झाली, उड्डाणाच्या चाचण्यांसाठी मात्र विमान धुळ्याच्या धावपट्टीवर गेलं.

बंगळुरूत तर अशी वाटणी सहज शक्य आहे. मॉडेल विमानांची हाताएवढी टर्बाइन चालवणारे छंदिष्ट देशात आहेतच, आणि सुरुवात तिथून करता येते. तीही खेळणी नव्हेत, पण काटे वाचण्याची शिस्त त्यांच्यावर अंगी बाणते. पूर्ण आकाराच्या इंजिनासाठी शहराबाहेर एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सामाईक टेस्ट बेड उभारावा. ‘किरण’ विमानं आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. त्यांची तपासलेली काही व्हायपर इंजिनं लॉगबुकांसह तिथे द्यावीत, आणि एचएएल, जीटीआरईतल्या निवृत्त तंत्रज्ञांनी मुलांना ती सुरू करायला आणि वेळेवर बंद करायला शिकवावं.