ऑइल जातं कुठे?

"बोअर गेलाय, साहेब. इंजिन खोलावं लागेल." साताऱ्यात एका मित्राच्या प्रीमियर पद्मिनीला हा निकाल मिळाला तेव्हा बॉनेट अजून बंदच होतं. गाडी दोन वर्षं वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळा लोट आला, मेकॅनिकने एकदा हुंगलं आणि विषय संपवला. वर "गाडी ऑइलपण खातेय" हे मित्रानेच सांगितलेलं, त्यामुळे साक्षीपुरावाही पूर्ण.

इंजिन तसं साधं आहे. 68 मिमी बोअर, 75 मिमी स्ट्रोक, 1089 सीसी, चार सिलिंडर. बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस या गाडीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. आता राहिलेल्या गाड्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत आणि महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडतात. दिवसरात्र पळणाऱ्या टॅक्सीची दुखणी आणि उभ्या गाडीची दुखणी एक नसतात. निकाल मात्र जुनाच दिला जातो.

ऑइल कमी झालं म्हणजे जळलं, हा पहिला गैरसमज. ते गळतही असेल. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदांना एक थेंब पडतोय असं धरा. तासाला 360 थेंब झाले. वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलीलीटर धरला, तर तासाला 14 ते 18 मिली. ताशी 40 च्या सरासरीने हजार किलोमीटरला पंचवीस तास लागतात, म्हणजे साडेतीनशे ते साडेचारशे मिली ऑइल रस्त्यावर सांडलं. आणि रात्रभर गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा सकाळी कोरडा! कारण बऱ्याच गळत्या इंजिन फिरत असताना, ऑइल तापून पातळ झाल्यावरच सुरू होतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, टायमिंग कव्हर, एसी पंपाची (इंजिनावरच्या पेट्रोल पंपाची) बैठक, चेंबरचं (तळातल्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग आणि क्रँकच्या मागच्या टोकाचं सील ही गळतीची नेहमीची ठिकाणं. इंजिन धुऊन कोरडं करावं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि वीस किलोमीटर फिरून यावं. पावडरीवर ऑइलची वाट स्वच्छ उमटते. सुरुवात वरून शोधायची. ऑइल खाली ओघळतं आणि वारा ते मागे नेतो, म्हणून डाग जिथे दिसतो तिथे सहसा दोष नसतो.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इथवर बरोबर. पण निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, हे पुढचं पाऊल घाईचं. धुराच्या रंगापेक्षा त्याची वेळ जास्त बोलते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक झुरका आला आणि मिनिटाभरात सगळं निवळलं, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर आणि सीलवर. हेडमधलं ऑइल रात्रीत थेंबथेंब खाली उतरलेलं असतं. चढाला, भार घेऊन रेस दिल्यावर मागे सतत निळी रेघ राहत असेल, तर रिंगा आणि बोअर. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरण्याची चाचणीही चांगली. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल बंद असतो, इनलेटमध्ये जोराची ओढ तयार होते आणि ढिल्या गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. पायथ्याशी पुन्हा रेस दिली की ढग निघतो. मात्र झिजलेली ऑइल रिंगही अशा वेळी धूर करते, त्यामुळे एकट्या घाटावर विसंबू नये.

काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. तो कार्ब्युरेटरचा किंवा अडकलेल्या चोकचा विषय. थंड सकाळची पांढरी वाफ निव्वळ वाफच असते. इंजिन गरम झाल्यावरही ती थांबली नाही आणि रेडिएटरचं पाणीही उतरतंय, तर हेड पॅकिंग बघावं.

"कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे रिंगा ठीक," असंही ठामपणे सांगितलं जातं. पण कॉम्प्रेशन धरतात वरच्या रिंगा. भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते ती सर्वांत खालची ऑइल रिंग. ती काजळीने खाचेत चिकटली, तर कॉम्प्रेशन झकास दिसेल आणि गाडी ऑइल पीत राहील. दोन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास संभवतं. म्हणून ताजं ऑइल घालून तीन-चारशे किलोमीटर चालवल्याशिवाय अशा इंजिनाला दोषी धरू नये. बऱ्याचदा रिंगा मोकळ्या होतात. कॉम्प्रेशन कमीच असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा ठळक वाढला तर रिंगा किंवा बोअर. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड पॅकिंग. चारही प्लग क्रमाने फडक्यावर मांडून बघणंही सोडू नये. एकच ओला, काळा, तेलकट निघाला, तर दुखणं त्या एका सिलिंडरपुरतं आहे.

सर्वांत फसवा गैरसमज मात्र उलटा आहे: ऑइलच्या पट्टीवर पातळी उतरत नाही, म्हणजे सगळं ठीक. एसी पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. जेवढं ऑइल जळतं तेवढं पेट्रोल येऊन मिळतं आणि मालक खुशीत. कधी पातळी चक्क वाढते. पट्टी नाकाशी न्या. पेट्रोलचा भपकारा आला किंवा ऑइल बोटांत पाण्यासारखं सुटलं, तर गाडी तिथेच थांबवा, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं फार दिवस काढत नाहीत.

ऑइल खाणाऱ्या गाडीवर जाड ऑइल आणि बाटलीतली औषधं हा लोकप्रिय उपाय. धूर थोडा कमी होतो, हे खरं. पण पॅकिंग सांधत नाही, झिजलेला धातू परत येत नाही, आणि थंड इंजिनात जाड ऑइल वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ घेतं. मला तरी तो ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर लपवण्याचा प्रकार वाटतो. "नुसत्या रिंगा बदलून टाकू" हेही तसंच. सिलिंडर वरच्या टोकाशी, जिथे वरची रिंग उलट फिरते, तिथे जास्त झिजतो आणि त्यावर न झिजलेली कड राहते. नवी रिंग त्या कडेला आपटून तुटू शकते. आधी बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडव्या-उभ्या दिशेने मोजमाप, मग निर्णय.

साताऱ्याच्या गाडीचं आम्ही आधी मोजमापच केलं. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून पुन्हा घालायची, आणि टाकलेलं ऑइल मापाने वहीत. पहिल्या तीनशे किलोमीटरला अडीचशे मिली गेलं. टॅपेट कव्हरभोवती, टायमिंग कव्हरवर, सगळीकडेच ओलं होतं. एवढी पॅकिंगं एकदम कशी जातील? मग एअर क्लीनरपासून सुटून लोंबणारी ब्रीदरची नळी दिसली. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. आतला दाब बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो प्रत्येक पॅकिंगमधून ऑइल ढकलत होता. नळी साफ केली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. पुढच्या हजार किलोमीटरला दीडशे मिली लागलं. सकाळचा एक निळा झुरका अजून येतो. हेड कधी उतरवलंच तर गाइड बघू, असं ठरलंय. तोवर डिकीत अर्ध्या लिटरचा डबा आणि ती वही.