कवटी उघडण्यापूर्वीचा नकाशा

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लेबोर्न नावाच्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला. हा मनुष्य अनेक वर्षे 'तां' या एकाच ध्वनीपलीकडे फारसे काही बोलू शकत नव्हता. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला समजत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढील खंडात, विकृती आढळली. वाणीला मेंदूत ठरावीक स्थान आहे, ही कल्पना त्या तपासणीने दृढ केली. परंतु ते स्थान दिसले ते रुग्ण गेल्यानंतर. जिवंत माणसाच्या मेंदूतील अशा जागा शस्त्र लावण्यापूर्वी कशा ओळखाव्यात, हा प्रश्न पुढे शतकाहून अधिक काळ तसाच राहिला.

मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया इतर अवयवांच्या शस्त्रक्रियेहून वेगळी आहे, ती याच कारणाने. पोटातील गाठ काढताना शल्यविशारद तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही काढू शकतो. मेंदूत तीच सावधगिरी घातक ठरू शकते, कारण बोटाच्या पेराएवढा भाग गेला तरी उजवा हात लुळा पडेल किंवा घरच्यांची नावे ओठांवर येईनाशी होतील. त्यातही ग्लायोमासारख्या गाठींना स्पष्ट सीमा नसते. त्या निरोगी पेशींत मिसळून वाढतात. गाठ अधिकाधिक निघावी, ही एक ओढ आणि माणूस पूर्वीसारखा राहावा, ही दुसरी. या दोन्हींमध्ये शल्यविशारदाचा हात चालत असतो.

पूर्वीची साधने फारच कष्टदायक होती. १९१८ साली वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेण्याची रीत काढली. तिच्यामुळे रुग्णाला तीव्र डोकेदुखी व उलट्या होत. खरा पालट झाला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन केला तेव्हा. पुढे एमआरआय आले आणि गाठ कोठे आहे, केवढी आहे, हे स्वच्छ दिसू लागले. तरीही गाठीशेजारचा भाग कोणते काम करतो, हे त्या चित्रात उमटत नसे.

ही उणीव भरून काढण्याची वाट जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दाखविली. मेंदूचा जो भाग काम करू लागतो, तेथे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. आणि प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. हा सूक्ष्म फरक टिपणाऱ्या तपासणीला फंक्शनल एमआरआय म्हणतात. रुग्ण यंत्रात निश्चल पडून असतो आणि सूचना मिळेल तशी बोटे हलवितो, किंवा 'क'पासून सुरू होणारे शब्द मनातल्या मनात आठवतो. जे भाग जागे होतात ते संगणकाच्या पडद्यावर रंगाने दाखविले जातात. आपल्याकडे याला सरसकट 'मेंदूचा फोटो' म्हणतात; पण हा फोटो नव्हे. रक्तप्रवाहावरून काढलेले ते अनुमान आहे.

या केंद्रांना जोडणारे तंतूही तितकेच मोलाचे. केंद्र वाचले आणि त्याकडे जाणारी वाट तुटली, तर उपयोग काय? पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने अधिक सहज सरकतात. या साध्या गोष्टीवर आधारलेली, पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेली डिफ्यूजन टेन्सर पद्धत त्या वाटांचे चित्र काढते. हातापायांकडे जाणारा मार्ग, वाणीचा कमानीसारखा वळलेला तंतुपुंज, दृष्टीचा मार्ग यांच्या संदर्भात गाठ नेमकी कोठे आहे, हे पाहून शल्यविशारद कवटी कोठे उघडायची आणि आत कोणत्या बाजूने शिरायचे, हे आधीच ठरवितो.

मात्र हा नकाशा अचूक समजणे धोक्याचे आहे. गाठीजवळच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद बिघडलेला असला, तर कार्यरत भागही चित्रात निष्क्रिय दिसू शकतो. सुजेमुळे तंतू दिसेनासे होतात. शिवाय कवटी उघडून द्रव वाहून गेला की मेंदू खाली बसतो, कधी सेंटिमीटरभर सरकतोही, आणि सकाळचे चित्र दुपारी जुने होते. म्हणून वाणीच्या केंद्राजवळील गाठ काढताना पुष्कळदा रुग्णाला जागे ठेवतात. माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांनी रूढ केलेली ही रीत ऐकून भय वाटते खरे. पण प्रत्यक्ष मेंदूला वेदना होत नाही, आणि त्वचा औषधाने बधिर केलेली असते. सौम्य विद्युत्स्पर्श होताच चित्रातील वस्तूचे नाव अडखळले, की तेथे शस्त्र थांबते.

बहुभाषी कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. १९७८ साली जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी द्वैभाषिक रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. एका भाषेत नाव अडखळते तेथे दुसऱ्या भाषेत अडखळेलच असे नाही, असे त्यांत दिसले. घरात मराठी किंवा कन्नड, पेढीवर गुजराती, कार्यालयात इंग्रजी, अशी आपल्यातील कितीतरी जणांची जीवनरीत आहे. अशा रुग्णाची चाचणी केवळ इंग्रजीत झाली, तर आजीशी बोलण्याची भाषा तपासायचीच राहून जाईल. तेव्हा रुग्ण कोणत्या भाषा बोलतो, कोणती लिपी वाचतो, हिशेब कोणत्या भाषेत करतो, डावखुरा आहे की उजवा, हे तपासणीच्या आधीच डॉक्टरांना सांगावे. चष्मा असल्यास तेही सांगावे. धातूची चौकट यंत्राजवळ नेता येत नाही, आणि समोरची चित्रे न दिसल्यास चाचणीच फोल ठरते.