हरणाच्या कानाशी बाणाची शर्यत

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहणाऱ्या होलेस विल्बर ॲलन यांनी 1960च्या दशकात धनुष्याची दोन्ही टोकं कापून तिथे कप्प्या बसवल्या. 1969मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज कंपाउंड म्हणून ओळखलं जाणारं धनुष्य जन्मलं ते असं.

साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे खेचावी तितका जोर वाढतो, त्यामुळे नेम धरायच्या क्षणीच हात सर्वांत जास्त थरथरतो. ॲलन यांच्या रचनेनं नेमकं इथेच काम सोपं केलं. टोकांवरची चाकं, म्हणजे कॅम, मध्याऐवजी कडेच्या आसावर फिरतात. मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लागतो, मग चाक वळतं आणि भार उतरतो. 60 पौंडांचं, म्हणजे सुमारे 27 किलो ओढीचं धनुष्य घेतलं आणि त्यात 80 टक्के भार उतरत असला, तर शेवटी हातावर साडेपाच किलोच उरतात. धनुष्याच्या पात्यांत साठलेली ऊर्जा मात्र तशीच असते.

त्यामुळे नवा शिकारी फोमच्या फलकावर लवकर नेम साधू लागतो. खरी अडचण दोरी सोडताना येते. कंपाउंडची दोरी बहुतेक जण बोटांनी न सोडता रिलीज नावाच्या छोट्या खटक्यानं सोडतात. धनुष्यावरच्या नेमदर्शकाचा ठिपका लक्ष्यावर आला रे आला की बोट खटका झटक्यात ओढतं आणि बाण भरकटतो. म्हणून जाणते प्रशिक्षक बोटाऐवजी पाठीचे स्नायू हळूहळू आवळून खटका सुटू द्यायला शिकवतात. सुरुवातीला फलकापासून दोन-तीन पावलांवर उभं राहून, डोळे मिटूनही हा सराव केला जातो.

फलक हलत नाही; पांढऱ्या शेपटीचं हरण हलतं. अमेरिकेत धनुष्यानं सर्वाधिक शिकार होते ती याच हरणाची. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला 85 मीटर वेगाचा बाण 36 मीटरवर पोहोचायला सुमारे 0.42 सेकंद घेतो. दोरीचा आवाज तिथे 0.1 सेकंदातच पोहोचतो. दचकलेलं हरण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं. उरलेल्या वेळातले 0.2 सेकंद जरी त्याला मिळाले, तरी नुसत्या गुरुत्वाकर्षणानं त्याचं अंग सुमारे 20 सेंटिमीटर खाली येतं. हृदय आणि फुप्फुसांचा भाग तेवढाच असतो. नेम अचूक असूनही बाण पाठीवरून जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, प्राणी जखमी होऊन जंगलात शिरतो. अंतर 18 मीटर असेल, तर आवाज आणि बाण यांत केवळ 0.16 सेकंदांचं अंतर उरतं.

जखमी होण्याची भीती उगाच नाही. 26 ग्रॅमच्या अशा बाणाची ऊर्जा 90 ज्यूलच्या आसपास असते. हरणाच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक रायफलींच्या गोळीत ती 3,000 ज्यूलहून जास्त असते. बाण धक्क्यानं मारत नाही. त्याचं धारदार पातं रक्तवाहिन्या कापतं. म्हणून चुकीच्या जागी लागलेला बाण प्राण्याला तासन्‌तास यातना देऊ शकतो. अंतर आखून घेणं आणि त्यापलीकडचं हरण जाऊ देणं, हेच नवशिक्याचं सर्वांत महत्त्वाचं शिक्षण आहे. वेगवान धनुष्याची जाहिरात ते शिकवत नाही.

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अशी शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. कंपाउंड इथे फुललं ते मैदानावर. 2023मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. ओजसनं अंतिम फेरीत 150पैकी 150 गुण घेतले. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे.

ते पाहून कुणाला धनुष्य हाती घ्यावंसं वाटलं, तर हलक्या ओढीनं आणि प्रशिक्षकासमोरच सुरुवात करावी. बाण न लावता ताणलेली दोरी तर कधीही सोडू नये: बाणासाठी साठवलेली ऊर्जा मग धनुष्यातच मुरते, आणि पाती फुटून तिरंदाजाला गंभीर इजा होऊ शकते.